काळ्या नंबर प्लेटची माणसं

जुनी गाडी बाळगली की किस्से आपोआप गोळा होतात. बंद पडली म्हणून एक, सुरू झाली म्हणून दुसरा! आमचा चार-पाच जणांचा कंपू रविवारी सकाळी गंगापूर रोडला आपापल्या गाड्या घेऊन जमतो. पूर्वी गप्पा कार्ब्युरेटरच्या असायच्या. हल्ली सगळ्या नंबर प्लेटच्या.

आमच्या गाड्या घेतल्या तेव्हा खासगी गाडीला काळी प्लेट आणि त्यावर पांढरे आकडे, असा नियम होता. पुढे तो उलटा झाला. तरी आम्ही काळ्याच मिरवत राहिलो, कारण कुणी फारसं हटकत नव्हतं. आता मात्र होलोग्रामवाली पांढरी प्लेट सक्तीची झाली आणि आमची पळापळ सुरू झाली.

*

साळवे सर निवृत्त शिक्षक. द्वारका चौकात एका तरुण ट्रॅफिक पोलिसानं त्यांची अँबेसेडर बाजूला घेतली.

"काळी प्लेट? रेंटची गाडी आहे का?"

"रेंटच्या गाडीचे आकडे पिवळे असतात. हे पांढरे आहेत."

"म्हणजे सगळं उलटंच आहे की!"

"मी होतो तिथंच आहे. उलटे तुम्ही झालात!"

पोलीस हसला. मग हळूच म्हणाला, "सर, मी तुमच्याच वर्गात होतो. उशीर झाला की बाहेर उभं करायचात. म्हणायचात, नियम सगळ्यांना सारखा."

सरांनी मुकाट्यानं दंड भरला. आम्हाला सांगताना त्यांना दंडाचं काही नव्हतं. "त्याला माझं वाक्य आठवत होतं," ते म्हणाले, "आणि मला त्याचं नावसुद्धा आठवेना."

*

पन्नास वर्षं झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, असं कळलं. मी आरटीओत चौकशीला गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "गाडीचं वय?"

"एकोणपन्नास."

"मग पुढच्या वर्षी या."

"तेव्हा काळी प्लेट मिळेल?"

"नाही, पांढरीच. नंबर तेवढा वेगळा. आणि रोज चालवायची नाही, प्रदर्शनाला वगैरे न्यायची."

मी म्हटलं, "मॅडम, माझं वय बघता पुढच्या वर्षी मी असेन की नाही, कुणास ठाऊक!"

त्या कॉम्प्युटरवरून नजर न काढता म्हणाल्या, "गाडी आली तरी चालेल."

*

शेवटी मी पांढरी बसवली. त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी मुलाच्या प्री-वेडिंग शूटला आमची पद्मिनी गाडी मागितली. फोटोग्राफर म्हणाला, "काका, व्हाइट प्लेट फ्रेममध्ये बेकार दिसते." त्यानं काळा कागद चिकटवून वर पांढरे आकडे काढले. गाडी एकदम जुन्या दिवसांतली दिसायला लागली!

मागच्या सीटवरून आमची ही म्हणाली, "त्याला विचारा हो, माणसांना चिकटवायला असतं का काही."

*

बोरस्ते अण्णा वणीकडचे द्राक्षवाले. त्यांच्या जीपची प्लेट धाकट्या भावानं स्वतःच्या हातानं रंगवलेली. पुढे तो अचानक गेला. त्याच जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं आणि त्याच जीपमधून परत आणलं.

नवी प्लेट बसवणाऱ्या फिटरनं जुनी काढली. अण्णा म्हणाले, "ही मला दे."

"नाय देता येत अण्णा. तोडावी लागते."

"मग मी तोंड फिरवतो. त्याबिगर तोडू नको."

अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागं मशीन कर्रकर्र वाजलं आणि थांबलं. "झालं, अण्णा."

वणीला पोचल्यावर बघतात तर सीटखाली जुनी प्लेट, अख्खीच्या अख्खी! आम्ही म्हटलं, "भला माणूस भेटला."

अण्णा म्हणाले, "लय वाईट केलं त्यानं. तुटली असती तर एकदाचा रडून मोकळा झालो असतो. आता रोज काढून बघतो."

*

विद्याताई आमच्यातल्या एकट्या बाई. गाडी त्यांच्या मिस्टरांची, म्हणजे मधुकररावांची. मधुकररावांना विस्मरणाचा आजार झाला. घर विसरले, मुलं विसरले, गाडी मात्र ओळखायचे. रोज संध्याकाळी विद्याताई त्यांना एक चक्कर मारून आणायच्या.

पांढरी प्लेट बसली त्या संध्याकाळी ते गाडीसमोर थबकले. "ही आपली नाही. आपली काळ्या प्लेटची."

"अहो, आपलीच आहे. नियम बदलला, म्हणून प्लेट बदलली."

त्यांनी विद्याताईंकडे निरखून पाहिलं. मग अगदी अदबीनं म्हणाले, "बाई, तुम्ही भल्या दिसता. पण मी परक्या गाडीत बसत नाही. आमची मंडळी येईल आमची गाडी घेऊन."

ते फाटकाशी उभे राहिले. अंधारून आलं तरी हलेनात. विद्याताईंनी खूप समजावलं. शेवटी त्या गाडीत बसल्या, काच खाली केली आणि म्हणाल्या, "मी त्याच बाजूला चाललेय. तुम्हाला घरी सोडू का?"

मधुकररावांनी जरा विचार केला आणि संकोचून मागच्या सीटवर बसले. विद्याताईंनी कॉलेज रोडवरून गाडी फिरवली आणि परत आपल्याच फाटकासमोर आणून उभी केली.

मधुकरराव उतरले. हात जोडून म्हणाले, "फार उपकार झाले. अशा जाऊ नका, आत या. आमची मंडळी चहा फार छान करते."

विद्याताई आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं.