गाईची जीभ

आज अभनपूरच्या रस्त्यावर कोंबडीखताची गाडी बाजूनं गेली, तो झोंबणारा वास नाकात शिरला अन् मले लय वर्षांआधीची गोष्ट आठवली. तेव्हा माह्या दोन गाई होत्या. चरून आल्या की पोल्ट्रीतलं ते खत वाळवून, कोंड्यात कालवून मी त्याहिले चारायचो, दूधही बरं निघे. एका सकाळी मोठी गाय उठेचना. डोळे उघडे, पण जीभ बाहेर लोंबलेली. ढोरांचा डॉक्टर बोलावला, तो म्हणाला, "काका, खतात मेलेली कोंबडी आली असंल, त्याचं विष चढलं. दुसरीची जीभ ओढून पाहा. तिनं आत घेतली तर ठीक." दुपारी मोठी गेली. मग मी त्या दुसऱ्या, गाभण गाईची जीभ ओढली अन् सोडली. ती तशीच राहिली. मागून बायको ओरडली, "घेतली का आत? सांगा ना!" मी पुन्हा ओढून पाहाले हात पुढं केला. तेवढ्यात गाईनं हळूच जीभ आत घेतली, अन् पुन्हा काढून माह्या मनगटावर फिरवली. आज घरी आलो तो सरळ गोठ्यात गेलो, त्याच गाईच्या नातीची जीभ ओढून पाहिली. बायको दारातून म्हणाली, "अजून भेता?" मी म्हटलं, "भेतो कोण? पाहून राहिलो," अन् बाजूच्या गाईकडे वळलो.