भिंतीपलीकडची खडखड

वाटणीत वडिलांची, म्हणजे दादांची, जुनी मोटरसायकल धाकट्या भावाला गेली आणि पान्यांची पेटी थोरल्याला. अंगणात भिंत उभी राहिली, बोलणं बंद झालं. काम मात्र दोघंही एकाच गॅरेजात शिकलेले, वडिलांच्या शिव्या खात.

हल्ली रोज सकाळी भिंतीपलीकडून इंजिनाची खडखड यायची. टायमिंग चेन सैल पडली होती. ती खडखड थोरल्याच्या थेट डोक्यात जायची.

"ऐकू येत नाही का त्या गाढवाला?" तो बायकोवर खेकसायचा.

रविवारी त्याचा ताबा सुटला. पेटी उचलून तो तरातरा पलीकडे शिरला. थंड इंजिन हाताने फिरवत त्याने चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट बेताने आवळला, वरचा नट घट्ट केला. धाकटा दारात हाताची घडी घालून उभा.

"तुझ्यासाठी नाही केलं," थोरला गुरगुरला. "गाडी दादांची आहे. पुन्हा सैल चेनवर पळवलीस तर तंगडं मोडीन."

धाकट्याने तोंड वाकडं केलं.

सोमवारी सकाळी पुन्हा तीच खडखड.

"पाना उसना आणून मुद्दाम सैल केली हरामखोराने!" थोरल्याने कप आदळला.

बायकोने पेटी त्याच्यापुढे सरकवली. "जा. इतक्या वर्षांनी काल चार शब्द बोललात. भावजींना तेवढे पुरले नसतील."