पूर्वेकडं पाय

एस्तरबाई माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायच्या, आधी पायांकडं. बदनापुरात स्टेशनाजवळ, चर्चच्या मागच्या गल्लीत आम्ही नवीनच राहायला आलो होतो. थंडीत मी अनवाणी बसून भांडी घासत होते, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "पाय दाखव गं!" आता सांगा, ओळख ना पाळख, आणि पहिलं बोलणं हे! मी घाबरून पाय पुढं केले. बाईंनी वाकून हात लावला, चक् केलं, आणि घरातून लोकरीचे मोजे घेऊन आल्या. "आमच्या पास्टरसाहेबांचे आहेत. ते गेले देवाघरी. तिथं मोजे लागत न्हाईत."

"पाय गरम तर माणूस गरम," हे त्यांचं कायमचं बोलणं. ताप असो, भांडण असो, सुनेचा रुसवा असो, औषध एकच.

नवऱ्याच्या, म्हणजे पास्टरसाहेबांच्या, माघारी चर्चची किल्ली बाईंच्या कमरेला आली. एका हिवाळ्यात त्या स्टेशनावर कुणाला तरी पोचवायला गेल्या आणि तणतणत परत आल्या. "सखू, देवाचं घर रात्रभर रिकामं, अन् देवाची माणसं फलाटावर कुडकुडून राह्यलीत. हे काही बराबर न्हाई." त्याच संध्याकाळी त्यांनी चर्चमध्ये सतरंज्या अंथरल्या. दिवस उगवायच्या आत चहा करायचं काम माझ्यावर आलं. मला कुणी विचारलंच नाही, नुसतं पातेलं आणून दिलं.

निजायला येणाऱ्यांत रहीमचाचा होते, दगडूबा होते. दगडूबा जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. मेंढरं गेली, माणसं गेली, उरला तो खोकला. मीही मेंढपाळाच्याच घरची, म्हणून सासूबाईंचं घोंगडं त्यांना दिलं. त्यांनी ते हुंगलं आणि म्हणाले, "चांगल्या मेंढराचं हाय."

सगळं नीट चाललं होतं. मग एका पहाटे चर्च कमिटीचे दावीदराव आत डोकावले. माणूस वाईट नव्हे, पण शिस्तीचा. त्यांच्या शर्टाची इस्त्री मी कधी मोडलेली पाहिली नाही. वेदी उत्तरेला, आणि निम्म्या लोकांचे पाय नेमके वेदीकडं! दावीदरावांचा चेहरा लालबुंद. "एस्तरबाई, क्रुसाकडं पाय? हे बिलकुल चालणार न्हाई. पाय फिरवा, न्हाईतर उद्यापासून कुलूप."

बाईंनी त्या रात्री सगळ्यांना फिरवून निजवलं. डोकी वेदीकडं, पाय दक्षिणेकडं. दगडूबा टेकले होते, ते उठले. घोंगडं खांद्यावर टाकलं.

"कुठं निघालात?"

"फलाटावर. बाई, दक्षिणंला पाय मेलेल्याचे करतेत. आजून जित्ता हाय मी."

"अहो, खोकला बघा तुमचा! या थंडीनं मराल तिकडं."

"मरंन. मंग करा माझे पाय दक्षिणंला."

आणि गेले की हो! बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी गेले तर फलाटावरच्या त्या खोकल्याचा आवाज चर्चच्या दारात ऐकू येत होता, आणि बाई रिकाम्या चर्चच्या मध्यभागी उभ्या राहून भिंगरीसारख्या फिरत होत्या.

"उत्तरेला वेदी. दक्षिणेला दगडूबाचा यम. पश्चिमेला करावे, तर रहीमचाचा म्हणतात, तिकडं आमचा किबला, नमाज तिकडंच तोंड करून." मग पूर्वेच्या दाराकडं बोट करून मला विचारलं, "इकडं कोण आहे?"

"बाई, सूर्यनारायणाला पाय दाखवायचे?" मी म्हटलं.

"तो यायच्या आत उठवीन ना सगळ्यांना! चहा जल्दी ठेव म्हणजे झालं."

स्वतः फलाटावर जाऊन त्यांनी दगडूबांना हे सांगितलं. त्यांनी घोंगडं खांद्यावर ओढून घेतलं. मग म्हणाले, "दिस उगवायच्या आदी उठवसान?"

"उठवीन."

"इसरलात तर?"

"तर पाप माझं."

दगडूबा आले. दावीदराव आले, चारी बाजूंनी फिरून बघितलं, वेदीकडं एकही पाय नव्हता, तसे परत गेले. पुढं कित्येक हिवाळे बाईंनी ते वचन पाळलं. ताप असला तरी काठी टेकत यायच्या आणि एकेकाच्या तळव्याला हात लावत म्हणायच्या, "उठा बाबांनो, तो येऊन राह्यला."

गेल्या पौषात एका पहाटे मी चहा घेऊन गेले, तर लोक निजलेलेच. मी बाईंच्या घरी धावले, तर त्या अंथरुणावर शांत पडल्या होत्या. मी पायांना हात लावला. पहिल्यांदाच गार लागले.

दफनभूमीत आमची फलाटावरची मंडळी लांब उभी होती. पेटी खड्ड्यात उतरवायच्या आधी दगडूबा पुढं सरकले. "साहेब, बाईचे पाय कोनीकडं केले?"

दावीदराव म्हणाले, "पूर्वेला, दगडूबा. आमच्यात तसंच ठेवतात. उठायच्या दिवशी तोंड उजेडाकडं असावं म्हणून."

"मंग बराबर हाय," दगडूबा म्हणाले. खांद्यावरचं घोंगडं काढून त्यांनी दावीदरावांपुढं धरलं. "हे पायावर टाका. लई गारठा हाय."

मला वाटलं, आता दावीदराव नको म्हणतील. ते इस्त्रीच्या कपड्यांनिशी गुडघ्यावर बसले, पेटीवर वाकले आणि घोंगडं पेटीच्या पायथ्याशी सुरकुती न ठेवता पसरलं. मग अंगावरची शाल काढून त्यांनी दगडूबांच्या खांद्यावर घातली आणि म्हणाले, "संध्याकाळी या. मी दार उघडतो."