शेंडा खुडलेला नाताळ

जगातल्या प्रत्येक ख्रिसमस ट्रीला शेंडा असतो. मी वाढवलेल्या बारा झाडांना नव्हता.

मरोळच्या गावठाणात आमच्या शेजारी रेमी आंटी राहायची. तिचं कौलारू घर बिल्डरकडे जाणार होतं आणि ती मुलीकडे कॅनडाला. त्याआधी त्याच घरात एकदा खऱ्या झाडाचा नाताळ करायचा, एवढीच तिची इच्छा. आजवर तिनं प्लास्टिकच्या झाडावर भागवलं होतं. मी छाती ठोकून सांगितलं, झाड माझ्याकडून, मी कोकणातला माणूस. (जन्म अंधेरीचा, पण रक्त देवगडचं!)

आरे कॉलनीतल्या पाड्यावर माझा मित्र दामू राहतो. जमीन राखीव, तिथल्या जुन्या झाडाला हात लावायचा नाही. पण दामूच्या वाडीत आपण लावलेलं आपण कापायला मुभा होती. नर्सरीतून ख्रिसमस ट्रीची बारा रोपं आणून लावली. बिल्डरचं काम बिल्डरच्या गतीनं चाललं होतं, म्हणजे झाडांना वाढायला चिक्कार वर्षं होती.

झाडं झकास वाढली. कमरेएवढी झाली आणि माझे हात शिवशिवायला लागले. आमच्याकडे मोगरा असो, जास्वंद असो, मिरची असो, शेंडा खुडला की झाड फुटतं, भरतं. मी बाराच्या बारा शेंडे खुडले. माझी बायको सुनंदा म्हणत होती, आधी कुणाला तरी विचार. मी तिला वनस्पतिशास्त्रावर असं व्याख्यान दिलं की आरेच्या म्हशींनी रवंथ थांबवलं.

त्या दिवसापासून झाडांनी वर जाणं सोडलं. ती नुसती आडवी पसरली. एकेका झाडाखाली दामूच्या सगळ्या कोंबड्या, त्यांची पिल्लं आणि एक बिबट्या दुपारी सावलीला बसत. (कोंबड्या मी स्वतः पाहिल्या.) नवा शेंडा येईल, येईल, असं मी दर वर्षी म्हणत राहिलो. शेंडा आला नाही, घर रिकामं करायची नोटीस आली.

त्या डिसेंबरात त्यातल्या त्यात उभं वाटणारं झाड कापलं. ते टेम्पोत मावेना, आंटीच्या दारातून शिरेना. शेवटी दाराची चौकटच काढली. नाहीतरी घर पाडायचंच होतं. हॉलमध्ये झाड असं ऐसपैस बसलं की पहिल्याच पाहुण्यानं त्यावर कुलकुलची, म्हणजे नाताळच्या गोड शंखांची, ताटली ठेवली. ताटली हललीसुद्धा नाही.

आंटी हातात चांदणी घेऊन झाडाभोवती फिरली.

"अरे सुऱ्या, ही लावू कुठे?"

"मध्यभागी बघ ना, आंटी."

"मध्यभागी चटणी ठेवतात रे."

सुनंदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "तरी मी सांगत होते."

मग आंटी स्टुलावर चढली आणि चांदणी तिनं वरच्या तुळईला दोऱ्यानं टांगली. "खरी चांदणी तरी झाडावर कुठे होती? आभाळातच होती ना," म्हणाली. सगळे हसले, मीही हसलो. पण मुलीला पाठवायला फोटो काढताना ती मोबाईल इतका वर धरायची, की फोटोत नुसती चांदणी आणि कौलं यायची. झाड नाही.

जानेवारीत घर पडलं, आंटी गेली. त्यानंतर मी दामूच्या वाडीत एकच नवं रोप लावलं. आज ते सरळसोट, टोकदार आणि माझ्यापेक्षा उंच आहे. ज्या बाईला ते द्यायचं होतं ती आता बर्फात राहते, आणि तिथे म्हणे असली झाडं रस्त्याकडेला फुकट उगवतात.

येणारेजाणारे विचारतात, इतकं देखणं झाड वाढवलंत कसं? मी खरं तेच सांगतो. दोन्ही हात खिशात घालून.