वनमालाबाईंचं मत

नई सडकेवरच्या मराठी वाचनालयाचे चिटणीस रमाकांत सबनीस सरळ माणूस, पण सरळपणाची घमेंड भारी. निवडणुकीला उभेही तेच राहायचे आणि चिठ्ठ्या मोजायचेही तेच. जुनी पद्धत, कुणी हरकत घेत नसे. सात वर्षांपूर्वी मोजताना एक चिठ्ठी हाती आली. नाव विरोधातल्या शालिनीताईंचं, अक्षर मात्र घरचं. रमाकांत निवडून आले आणि बायकोशी दोन महिने बोलले नाहीत. जिंकूनही माणूस असा रुसला! वनमालाबाई एकदाच म्हणाल्या, "मत माझं होतं. तुम्ही ओळखायला नको होतं."

ते रमाकांतांच्या मनाला लागून राहिलं. म्हणून यंदा त्यांनीच पुतणीला, तन्वीला, गळ घातली. ती संगणकातली. तिनं मत फोनवरच कुलूपबंद होईल अशी सोय केली. प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा. तो फलकावर दिसला की आपलं मत मोजलं गेलं याची खात्री. कुणाला दिलं, ते कुणालाच कळायचं नाही. मतं बंदच बेरजेला जायची, उघडायची फक्त बेरीज. त्यासाठी तीन पंचांकडे तीन चाव्या, आणि मोजणीनंतर त्या सगळ्यांदेखत पुसायच्या, हा हट्ट रमाकांतांचा. झाकली मूठ सव्वा लाखाची!

वनमालाबाई तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या. फोन हातात घेऊन म्हणाल्या, "जरा बाहेर जा बरं." रमाकांत मुकाट्यानं गेले. चौथ्या दिवशी वनमालाबाई वारल्या.

मोजणी तेराव्यानंतर झाली. रमाकांत नऊ मतांनी जिंकले, पण त्यांचं लक्षच नव्हतं. बायकोच्या औषधांच्या डब्यात सापडलेला क्रमांक घेऊन ते फलकाशी उभे होते. क्रमांक सापडला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी करू नये ते केलं. तन्वीला बाजूला घेतलं.

"काकूचं मत कुणाला, तेवढं बघून दे."

"काका, आता ते कोणीच नाही खोलू शकत. चाव्या पण मिटवल्या ना, आप ही ने तो कहा था." तिलाही रडू फुटलं. "तुम्ही काकूला विचारलं नव्हतं?"

नव्हतं विचारलं. त्या दिवशी खोलीत परतल्यावर वनमालाबाईंनीच हसून म्हटलं होतं, "विचारणार नाही का, कुणाला दिलं?" आणि सुधारलेल्या रमाकांतांनी मोठ्या तोऱ्यात, "छे, मत तुझं आहे," असं म्हणून औषध ओतायला पाठ फिरवली होती.