तिखटाचं बोलावणं, तेलुगूत

आमच्या मिरची कांडायच्या डंकावर गिऱ्हाइकाने स्वतः बसायचं, हा सासूबाईंच्या वेळेपासूनचा नियम. मिरच्या वाळवून, मसाला भाजून घरून आणायचा, उखळापाशी पाट ओढून बसायचं आणि लोखंडी मुसळं आपल्याच मिरचीवर पडताहेत ना, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं. मग चाळायचं, चाळणीत राहिलेलं जाडंभरडं पुन्हा उखळात टाकायचं. यात तास-दीड तास जातो. शिंकून शिंकून जीव हैराण होतो, पण एकीचं तिखट दुसरीच्या तिखटात जात नाही.

दोन वर्षांपूर्वी सात रस्त्याच्या पुढे चकचकीत गिरणी आली. पिशवी ठेवा, बाजार करून या, तिखट तयार. आमची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली. गेल्या उन्हाळ्यात दोन डंकांपैकी एकावरचं कापड मी एकदासुद्धा काढलं नाही. यंदा फेब्रुवारीत नवऱ्याने विषय काढला.

"पाडव्यापर्यंत बघू. दुसरा डंक सुरू झाला तर ठीक, न्हाय तर शेड गोदामाला देऊन टाकू. माणूस तयार हाय."

"बघाच तुमी," मी म्हटलं.

माझ्या नाकावर राग असतो, हे खरं. पण हा राग वेगळा होता. बारावीत नापास झालेल्या माझ्यासारख्या सुनेच्या हातात सासूबाईंनी हा डंक दिला, तेव्हापासून मला लोक डंकवाली म्हणतात आणि मला ते आवडतं. शेड गोदामाला गेली की मी कोण उरणार, याची मला भीती वाटत होती.

माझी मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "तुझ्या वहीत सगळ्यांचे नंबर आहेत ना? मोबाइलवरून मेसेज टाकू." नंबर लागला की बायकांना फोन करायचा म्हणून ती वही ठेवलेली. त्यावर मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, नुसता मराठीत कशाला, ज्याच्या त्याच्या भाषेत पाठवू, माणसाला बरं वाटतं. विणकरांच्या वस्तीतल्यांना तेलुगू, अक्कलकोट-दुधनीकडच्यांना कन्नड, मोहल्ल्यातल्यांना उर्दू, वैराग-बार्शीकडच्यांना मराठी. दुपारभर बसून पोरीने चार याद्या केल्या आणि मोबाइलनेच भाषांतर करून दिलं. मी तर इतकी खूश झाले की मिरचीचं चित्रसुद्धा टाकायला लावलं.

आठवडा गेला. वैरागकडच्या दोघी येऊन गेल्या, त्या दर वर्षीच येतात. दुधनीहून एकीचा फोन आला. ती कन्नड शाळेत शिकलेली, तिने वाचलं आणि येते म्हणाली. बाकी वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या दिसत होत्या आणि शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं.

शेवटी चपला घातल्या आणि विणकरांच्या वस्तीत अक्कांकडे गेले. अक्का विड्या वळतात. वीस वर्षांपासूनची माझी गिऱ्हाईक. गेल्या साली मात्र तिखटावरून आमचं जोरदार वाजलं होतं. ओट्यावर पाच-सहा जणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या.

"अक्का, मेसेज वाचला न्हाय व्हय?"

"कसा वाचू? तेलुगूत हाय की तो."

"तुमच्यासाठीच तर तेलुगूत पाठवला."

"बोलतो की आमी तेलुगू. पण शिकलो मराठी शाळेत. ती गोल गोल अक्षरं माझ्या नातवाला बी येत न्हाईत." मग हातातल्या विडीला दोरा गुंडाळत म्हणाल्या, "आमाला वाटलं, तुमी बाहेरचे, असं सांगायलीस."

बाकीच्या हसल्या, अक्का हसल्या नाहीत. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. वीस वर्षं ही बाई माझ्याशी मराठीत बोलते, माझ्या वहीत स्वतःचं नाव मराठीत लिहिते आणि मी तिला तिच्या वस्तीवरून यादीत बसवून मोकळी झाले! उर्दूच्या यादीचंही तेच झालं असणार, हे तिथेच लक्षात आलं. मोहल्ल्यातली माझी मैत्रीणच मुळी मराठी शाळेत माझ्या बाकावर बसायची.

पण रिकाम्या हाताने परतायचं नव्हतं. बघितलं, तर तंबाखूच्या डब्याला टेकवून एक मोबाइल ठेवलेला आणि कुणाच्या तरी बहिणीने आवाजात भरून पाठवलेला तेलुगू मेसेज त्यावर वाजत होता. हात विड्यांत, डोळे पानांवर, कान तेवढे मोकळे.

"अक्का, मग तुमीच बोला. माझ्या डंकाबद्दल काय वाटतंय ते, तुमच्या तोंडानं. मी तुमच्या वस्तीत सगळ्यांना पाठवते."

"काय बी बोलू?"

"काय बी."

मी आवाज भरायला मोबाइल पुढे धरला आणि अक्का हात न थांबवता दोन मिनिटं बोलल्या. मला त्यातलं 'कारम' म्हणजे तिखट, एवढंच कळलं. बायका दोनदा खो खो हसल्या. घरी आल्यावर मुलगी म्हणाली, आधी अर्थ विचारून घे. मी म्हटलं, बाई वीस वर्षं ओळखीची आहे, पाठव.

तिसऱ्या दिवशी विणकर वस्तीतल्या पाच जणी आल्या, अकरा पिशव्या घेऊन. पाट ओढून बसल्या आणि मलाच न्याहाळायला लागल्या. एकीने विचारलं, "भांडणारी ती तूच व्हय?" मग तिने सगळं मराठीत सांगितलं. अक्का म्हणाल्या होत्या, ही बाई लई तापट. गेल्या साली माझं तिखट जाडं राहिलं म्हणून मी भांडले, ती माझ्यापेक्षा जोरात भांडली. पण मग तेच तिखट तिनं माझ्यासमोर परत कांडून दिलं, तोंड फुगवून. तिच्या तोंडाकडं बघू नका, उखळाकडं बघा.

नवरा म्हणाला, "आपलीच बदनामी आपल्याच फोनवरून!" माझं डोकं सणकलं. अक्कांना जाब विचारायला मी चपला घातल्यासुद्धा. दारात जाऊन मागे वळले, तर पाच जणी अकरा पिशव्यांसकट बसलेल्या. चपला काढल्या आणि दुसऱ्या डंकावरचं कापड ओढलं.

दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या मैत्रिणीकडे जाऊन बसले. तिला तिच्या घरच्या दखनी उर्दूत बोलायला लावलं आणि बजावलं, "गोड बोलू नको. माझं भांडण बी सांग." दुधनीची बाई आली तेव्हा तिच्याकडूनही कन्नडमध्ये बोलून घेतलं. तिने काय काय सांगितलं, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी दोन्ही डंक सकाळपासून धडधडत होते. बसायला पाट उरला नव्हता, बायका उलट्या घमेल्यांवर बसल्या होत्या. त्या आवाजात ऐकू येईना म्हणून नवरा मोबाइल घेऊन रस्त्यावर गेला. परत आला, माझ्या हातातली चाळण घेतली आणि खाली मान घालून चाळायला लागला.

"नको म्हणून सांगितलं त्या गोदामवाल्याला," तो म्हणाला.

मी सगळ्या बायकांसमोर रडले. तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी होतं, पण मी मिरचीचं नाव पुढे केलं नाही.