खंडेनवमीला उघडं इंजिन

कोणी म्हणालं, ‘तुमच्या गाडीला ती नवी मॅनिफोल्ड आधी मानवली नव्हती म्हणे,’ की आजही माझं डोकं फिरतं. मॅनिफोल्डनं कोणाचं काही वाकडं केलं नव्हतं. ज्यानं केलं तो माणूस पारावर बसून माझ्या गाडीची कुंडली मांडतो आणि लोक माना डोलावतात.

गाडी आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. जुना ट्रक, माझ्या लग्नाच्याही आधीचा. आबांचे गुडघे गेले तेव्हा मी सासर सोडून घरी आले होते, म्हणून स्टेअरिंगवर मी बसले. माहेरी परतलेली बाई दिवसभर करते काय, याची गावाला फार काळजी होती. ती ट्रक चालवते म्हटल्यावर ती काळजी दुप्पट झाली. हंगामात मी श्रीगोंद्याकडच्या कारखान्यावर ऊस टाकायचे. भरल्या गाडीला चढ लागला की इंजिन काळा धूर ओकायचं आणि मागून आलेला ट्रॅक्टर मला ओलांडून पुढे जायचा. ट्रॅक्टर! वर तो गाणी लावून जायचा.

मिरजगावच्या बाहेर हायवेला लागून एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीनं सांगितलं, इंजिनाला हवा पुरत नाही. हवा आत पोचवणाऱ्या नळ्यांचा ओतीव सांगाडा म्हणजे मॅनिफोल्ड. आमच्या गाडीची जुन्या मापाची आणि अरुंद होती. त्याच इंजिनाच्या पुढच्या मॉडेलची रुंद मॅनिफोल्ड थोडी घासून तिला बसते. मला पटलं, आबांनाही पटलं.

पटलं नाही ते नानांना. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. त्यांना गाडी विकायचीच होती, कारण बाईच्या हाती ट्रक पाहून त्यांची मान खाली जायची. त्यांच्या त्या मानेसाठी आबांनी शेवटी कबूल केलं, की एवढं काम करून पाहू, जमलं नाही तर हंगामाच्या आधी गाडी विकू. गाडी गेली असती तर मी पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन बसले असते. एवढं सगळं त्या नळ्यांवर येऊन ठेपलं होतं.

मिस्त्रीनं जुनी मॅनिफोल्ड उतरवली आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पाने, हातोडे, जॅक सगळं धुऊन मांडतात, झेंडूचे हार घालतात आणि मग पान्याला कोणी हात लावत नाही. काम जिथे असेल तिथे थांबतं. आमचं इंजिन तसंच उघडं राहिलं. हवेच्या भोकांत कचरा जाऊ नये म्हणून मिस्त्रीनं त्यांत स्वच्छ कापडाचे बोळे कोंबले होते.

पूजेला नाना गॅरेजवर आले. वयानं मोठे, म्हणून ताम्हन त्यांच्या हातात. त्यांनी ते बोळे पाहिले.

“ह्या चिंध्या कशाला? देवाफुडं फाटकं ठिवत्यात व्हय?” म्हणत त्यांनी एकेक बोळा उपसला.

“नाना, बोळे काढू नका. आत काय पडलं तर इंजिन जाईल,” मी ओरडले.

“पूजंच्या टायमाला बाईमानसानं वराडू न्हाई,” नाना म्हणाले. मिस्त्री हारातली फुलं नीट करू लागला. आबा गॅरेजातल्या खाटेवर बसून होते, ते जमिनीकडे पाहत राहिले.

नानांनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि ती ओळीनं असलेली भोकांची तोंडं पाहून खूश झाले. त्यांना त्या देवळ्याच वाटल्या असाव्यात. कडेच्या भोकात त्यांनी विड्याचं पान ठेवलं आणि त्यावर हळद लावलेली सुपारी. मी पुन्हा बोलले. या वेळी तर माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

दसरा उलटल्यावर काम सुरू झालं. मिस्त्रीनं कुंचल्यानं तांदूळ झाडले. पान होतं, सुपारी दिसेना. “आधी सुपारी शोधा, मग मॅनिफोल्ड बसवा,” मी म्हणाले.

“सुपारी मी उचलून नेलीय,” काम बघायला आलेले नाना ठासून म्हणाले. “माझ्या पूजंत खोट काढती का तू?”

मिस्त्री दोघांच्या मध्ये उभा. बॅटरी त्याच्या खिशात होती. पण थोरल्या माणसाच्या शब्दावर बॅटरी मारून पाहणं म्हणजे त्यांचा अपमान, त्यापेक्षा इंजिनाचा झालेला चालेल! त्यानं भीतभीत मॅनिफोल्ड बसवली.

सेल मारला. इंजिन लागलं, क्षणभर गोड वाजलं आणि मग आत कोणी घण घालतंय असा आवाज सुरू झाला. मी धावत जाऊन बंद केलं.

“दुसऱ्या इंजिनाचा पार्ट हाय त्यो, कसा मानवंल? मी सांगत हुतो,” नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख औषधालाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याला मोटारसायकलवर मागे बसवूनच गॅरेजवर हजर झाले.

भंगारवाला टायरला लाथ मारून बघत होता. मी मिस्त्रीला म्हणाले, “विकायची तर विका, पण आधी ती मॅनिफोल्ड आणि हेड माझ्यासमोर उघडा.” माझा अवतार पाहून त्यानं मुकाट पाना उचलला. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं जड झाकण, उतरलं. कडेचा व्हॉल्व्ह वाकलेला, पिस्टनला खड्डा, आणि त्या खड्ड्यात चेचलेली, अजून पिवळी असलेली सुपारी.

मी ती उचलून नानांच्या समोर धरली.

“ही माझीच कशावरनं?” नाना म्हणाले.

मला वाटलं, आता माझ्या हातून काहीतरी होणार. तेवढ्यात माझ्याबरोबर आलेले आबा खाटेवरून उठले. गुडघ्यांवर हात ठेवत ते ट्रकपाशी आले.

“नाना, ती तुमचीच हाय. पोरगी बोळे काढू नका म्हनत हुती. मी ऐकलं हुतं. गाडी विकायची न्हाई.”

बस्स, एवढंच. भंगारवाल्यानं लगेच टायरवरचा पाय काढला. मिस्त्री नवा व्हॉल्व्ह कुठे मिळेल ते सांगू लागला. नाना मोटारसायकलला किक मारून निघून गेले, भंगारवाल्याला तिथेच विसरून.

व्हॉल्व्ह आणि पिस्टन बदलले, मॅनिफोल्ड तीच आहे. भरलेली गाडी चढ चढते, धूर जवळजवळ नाही. आबांचे उपकार मी विसरलेले नाही. पण त्या दिवशी एसटीनं घरी येताना ते माझ्या शेजारी बसून म्हणाले, “आता खूश ना?” मी खूश नव्हते. बोळे काढू नका, हे मी पूजेत सगळ्यांदेखत सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. ते खरं ठरायला आबांच्या तोंडून यावं लागलं, आणि त्यांनी ते ऐकून इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं.